सुरांची तसबीर : रागमाला चित्रे आणि दख्खनचे दरबार

एक लहानसे चित्र आहे. दाट झाडीत एक तरुण स्त्री वीणा घेऊन उभी आहे. तिच्या भोवती हरणे जमली आहेत. चरणे सोडून, माना उंचावून ती ऐकत आहेत. चित्राच्या वरच्या पट्टीत दोन-चार ओळींचा मजकूर आहे. या परंपरेशी थोडाफार परिचय असलेला माणूस तो मजकूर न वाचताही सांगेल की ही तोडी. दुसऱ्या चित्रात चंदनाच्या झाडाखाली एक सावळी रानकन्या बसली आहे आणि झाडावरून साप तिच्याकडे उतरत आहेत. ही आसावरी. तिसऱ्यात पहाट झाली आहे, नायिका झोपेत आहे आणि हातात फुलांचे हार घेतलेला नायक मागे वळून पाहत घराबाहेर पडतो आहे. हा ललित.

स्वर कानांनी ऐकायचे आणि रंग डोळ्यांनी पाहायचे. ही दोन्ही क्षेत्रे एकत्र आणून ज्या चित्रकारांनी रागाला चेहरा दिला, त्यांच्या कामाला रागमाला चित्रे म्हणतात. सर्वसाधारण संचात ३६ चित्रे असतात. सहा राग हे पुरुष आणि प्रत्येक रागाच्या पाच रागिणी या त्याच्या स्त्रिया, असा हा हिशेब आहे. काही परंपरांत रागपुत्रही येतात आणि संख्या ८४ च्या घरात जाते. पाने सुटी असत. ती कापडी बस्त्यात बांधून ठेवीत आणि मैफलीत हातोहात फिरवून पाहत. भिंतीवर टांगण्याची ही चित्रे नव्हेत. जवळ घेऊन, निवांतपणे पाहण्याची ती वस्तू होती.

कलेतिहासाच्या पुस्तकांत रागमालेचे प्रकरण बहुधा ‘राजपूत शैली’ या मथळ्याखाली येते. या विभागणीला आनंद कुमारस्वामी यांच्या १९१६ च्या ‘राजपूत पेंटिंग’ या ग्रंथाने मोठा आधार दिला. एका बाजूला मुघल म्हणजे दरबारी, वास्तवदर्शी व इराणी वळणाची चित्रकला आणि दुसऱ्या बाजूला राजपूत म्हणजे भक्तिप्रधान, देशी व हिंदू चित्रकला, अशी सरळ रेघ त्यांनी ओढली. कुमारस्वामींनी या उपेक्षित चित्रांना जगापुढे मान मिळवून दिला, हे त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र चित्रांवरील लेख, चित्रकारांची नावे आणि आश्रयदात्यांचे दरबार यांकडे पाहिले तर ती रेघ टिकत नाही. प्रस्तुत लेखात याच पुराव्याचा विचार करावयाचा आहे.

रागाचे ध्यान

रागाला मूर्त रूप देण्याची कल्पना आधी शास्त्रकार आणि कवी यांच्याकडे दिसते, चित्रकारांकडे ती मागाहून आली. तिचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्राच्या भूमीवर आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे पुढच्या दौलताबादच्या, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबांच्या काळात ते दक्षिणेत आले. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात रागांना देवता, रस, ऋतू आणि प्रहर नेमून दिलेले आहेत. राग हा केवळ स्वरांचा समूह नसून त्याला स्वतःचे व्यक्तित्व आहे, हा विचार येथे स्पष्ट दिसतो.

यानंतरच्या काळात रागांची ‘ध्याने’ रचली गेली. देवाच्या पूजेपूर्वी त्याचे रूप मनात आणण्यासाठी जसा ध्यानाचा श्लोक म्हणतात, तसाच हा प्रकार होय. रागाचा वर्ण कोणता, वस्त्र कोणते, हातात काय, तो कोठे बसला आहे, सोबत कोण आहे, हे सर्व त्यात सांगितलेले असते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गुजरातच्या एका सचित्र जैन कल्पसूत्राच्या हाशियांत राग-रागिणींच्या लहान आकृती आहेत. आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. हळूहळू देवतांचे रूप मागे पडून नायक-नायिका पुढे आल्या. काव्यशास्त्रातील खंडिता, अभिसारिका, प्रोषितभर्तृका या नायिका रागिणींच्या रूपाने चित्रांत उभ्या राहिल्या. रामकली रुसून बसली आणि नायक तिच्या पायाशी आला. धनाश्री दूर गेलेल्या प्रियकराची तसबीर काढू लागली. बिलावल आरसा पुढे धरून कानांत भूषण घालू लागली.

याच काळात फारसी आणि देशी भाषांतही संगीताचे लेखन जोमाने चालू होते. गुजरातेत १३७४-७५ मध्ये तयार झालेला ‘गुन्यतुल मुन्या’ हा हिंदुस्थानी संगीतावरील फारसीतील आद्य ग्रंथांपैकी एक. सूफी कवी कुतबन याने १५०३ मध्ये रचलेल्या ‘मिरगावती’ या अवधी प्रेमकाव्यात राग आणि रागिणी यांची कुटुंबवार यादी आहे. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याच्या दरबारात रचलेल्या ‘मानकुतूहल’चा आधार घेऊन फकीरुल्लाह या मुघल उमरावाने १६६६ च्या सुमारास ‘राग दर्पण’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. संस्कृत शास्त्र फारसीत, फारसीतील जाण पुन्हा देशी भाषांत, असा हा प्रवाह सतत वाहत होता.

पुंडरीक विठ्ठल या पंडिताच्या आयुष्यात हा प्रवाह प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. तो जन्माने कर्नाटकातला. खानदेशच्या फारुकी घराण्यातील बुऱ्हाण खान याच्या आश्रयाने त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पुढे तो उत्तरेत कछवाहा राजांकडे गेला आणि अकबराच्या दरबाराशीही त्याचा संबंध आला. त्याचा ‘रागमाला’ हा ग्रंथ शके १४९८, म्हणजे इसवी सन १५७६ मधला आहे. त्यात राग, त्यांच्या स्त्रिया व पुत्र यांची रूपे वर्णिलेली आहेत. त्याच्या थोडे आधी, १५७० मध्ये, रेवा येथील मेषकर्ण याने आपली ‘रागमाला’ रचली. रागपुत्रांसह मोठे कुटुंब मांडणारी ही व्यवस्था पुढे पहाडी चित्रकारांनी उचलली. कन्नड मुलखातला ब्राह्मण पंडित, खानदेशचा मुसलमान आश्रयदाता, संस्कृत भाषा आणि राजस्थानातला शेवटचा मुक्काम, हा एका माणसाचा प्रवास आहे. रागमालेचा प्रवासही पुष्कळसा याच वाटेने झाला.

विजापूर आणि अहमदनगर

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या सलतनतींत रागमालेची चित्रे काढली जात होती, याला भक्कम पुरावा आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘जवाहिरुल मूसीकाते मुहंमदी’ या नावाचे विजापुरी हस्तलिखित आहे. त्यातील रागचित्रे १५७० च्या सुमाराची मानली जातात, म्हणजे ती पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातली. त्यांच्यासोबतचा मूळ मजकूर दखनीत होता. पुढे मुहंमद आदिलशाहाच्या कारकिर्दीत (१६२७–१६५६) शेख अब्दुल करीम यांनी त्या जुन्या चित्रांभोवती फारसी ग्रंथ रचला. दोन पिढ्यांपूर्वीची चित्रे जपून ठेवावीत आणि त्यांना नव्या विवेचनाची जोड द्यावी, असे त्या दरबाराला वाटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) निजामशाही दरबाराचा पुरावा पुण्यात आहे. ‘तारीफे हुसेनशाही’ हे आफताबी या कवीचे फारसी काव्य भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. हुसेन निजामशाह पहिला आणि १५६५ ची तालिकोटची लढाई हा त्याचा विषय. हस्तलिखित त्या लढाईनंतर थोड्याच वर्षांत तयार झाले आणि त्यातील १२ चित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलून येते. हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत. सुलतानाच्या स्तुतिपर फारसी काव्यात तो सहज येऊन बसला आहे. चित्रातील स्त्रियांची उंच शेलाटी अंगलट आणि दक्षिणी पद्धतीचा पेहराव पाहिला की रागमालेतील रागिणी फार दूर नाहीत, हे कळते.

त्यानंतरचा महत्त्वाचा दुवा म्हणजे १५९० च्या आसपासचा उत्तर दख्खनी रागमाला संच. त्यातील ‘हिंदोल राग’ हे चित्र नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. झोपाळ्यावर बसलेला नायक, भोवती स्त्रिया, उष्ण व गडद रंगांची पार्श्वभूमी आणि वर देवनागरीत संस्कृत मजकूर अशी त्याची मांडणी आहे. या पानांवर स्थळ वा कर्त्याचे नाव नाही. त्यामुळे काही अभ्यासक ती अहमदनगरची मानतात, तर मार्क झेब्रोवस्की यांच्या १९८३ च्या दख्खनी चित्रकलेवरील ग्रंथापासून ‘उत्तर दख्खन’ असे सावध नावही रूढ झाले आहे. मुसलमान सुलतानांच्या मुलखात, दख्खनी शैलीत आणि संस्कृत श्लोकांसह तयार झालेली ही चित्रे आहेत, याविषयी मात्र फारसे दुमत नाही.

यांतील बरीच पाने बिकानेरच्या राजसंग्रहातून उजेडात आली. बिकानेरचे राजे मुघलांच्या सेवेत दक्षिणेच्या मोहिमांवर असत. महाराजा अनूपसिंह याची बरीच कारकीर्द दख्खनमध्ये गेली आणि १६९८ मध्ये आदोनी येथेच त्याचा मृत्यू झाला. त्याने जमविलेल्या पोथ्यांचा संग्रह आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. संगीतशास्त्रज्ञ भावभट्ट याला त्याचा आश्रय होता. भावभट्टाचे वडील जनार्दनभट्ट शाहजहानच्या दरबारात होते. लढायांच्या धामधुमीत माणसांबरोबर पोथ्या आणि चित्रेही एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेली. वाळवंटातल्या राजवाड्यात दख्खनच्या रागिणी पोचल्या त्या अशा.

इब्राहीम आदिलशाह आणि ‘नवरस’

दख्खनच्या दरबारांतील संगीतप्रेमाचे शिखर म्हणजे दुसरा इब्राहीम आदिलशाह (१५८०–१६२७). प्रजेने त्याला ‘जगद्गुरू’ म्हटले, असे परंपरा सांगते. त्याच्या ‘किताबे नवरस’मध्ये ५९ गीते आणि १७ दोहे आहेत. गीतांची विभागणी रागांनुसार केलेली असून प्रत्येक गटाच्या शीर्षभागी ‘दर मकाम’ हे फारसी शब्द आणि पुढे रागाचे देशी नाव येते. नजीर अहमद यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. इराणातून आलेला कवी जुहूरी याने ‘नवरस’साठी फारसी गद्यात प्रस्तावना लिहिली. ती पुढे कित्येक पिढ्या फारसी गद्याचा नमुना म्हणून शिकविली गेली.

‘नवरस’ची भाषा दखनी आहे. ‘नक्को’ हा नकार आणि शब्दाला चिकटून येणारा ‘च’ ही दखनी बोलीची लकब मराठी कानाला परकी वाटत नाही. इब्राहीमच्या गीतांत मात्र संस्कृत शब्दांचाही मोठा भरणा आहे. गणपती आणि सरस्वती यांची स्तुती, गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांची स्तुती, आपली बेगम चांद सुलतान, आपला हत्ती आतशखान आणि ‘मोतीखान’ नावाचा आपला लाडका तंबूर असे नाना विषय त्यात आहेत. काही गीते ही शब्दांत काढलेली रागचित्रेच आहेत. भैरवाचे वर्णन करताना कापरासारखी गौर कांती आणि कपाळी चंद्र असलेला शिव सुलतान डोळ्यांपुढे उभा करतो. संस्कृत ध्यानाची परंपरा येथे दखनी गीतात उतरली आहे.

या सुलतानाच्या चित्रशाळेत इराणी वळणाचा थोर चित्रकार फर्रुख हुसेन काही काळ होता. फर्रुख बेग या नावाने मुघल दरबारात प्रसिद्ध असलेला चित्रकार तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हातात तंबूर घेऊन वाजवीत असलेल्या इब्राहीमचे त्याने काढलेले चित्र आज प्राग येथील नाप्रस्तेक संग्रहालयात आहे. सोळाशेच्या आरंभीच्या दुसऱ्या एका चित्रात त्याने वीणाधारिणी सरस्वती सिंहासनावर बसविली आहे. चित्रातील फारसी लिपीतील मजकूर इब्राहीमला गणपती पित्याचा आणि सरस्वती मातेचा पुत्र म्हणतो. ही भावना ‘नवरस’मध्येही येते. नायक-नायिकांचा रूढ रागमाला संच काढणाऱ्याची ही कृती नव्हे, पण स्वराला मूर्त रूप देण्याची ओढ तीच आहे.

१६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला. त्याने आपल्या वृत्तान्तात सुलतानाची संगीतात बुडून जाण्याची वृत्ती नोंदविली आहे. इब्राहीम गायन ऐकण्यात इतका गढलेला होता की वकिलाच्या बोलण्याला उत्तर देणेही त्याला जड गेले. तानसेन बादशहापुढे उभा राहून गात असे की बसून, अशी चौकशीही त्याने केली. दोन राज्यांच्या राजकारणाच्या बैठकीत गवयाच्या मानमरातबाचा प्रश्न निघावा, यावरून त्या दरबाराचा कल कळतो. इब्राहीमने १५९९ पासून वसविलेल्या राजधानीला ‘नवरसपूर’ हे नाव दिले. ते नगर १६२४ मध्ये मलिक अंबरच्या फौजेने उद्ध्वस्त केले. नगर गेले, परंतु गीतांच्या नकला राहिल्या.

चित्रकारांची नावे

आता राजस्थानकडे वळावे लागते, कारण रागमालेचे सर्वांत प्रसिद्ध संच तेथलेच आहेत. या परंपरेतील कालनिर्देश असलेले पहिले मोठे संच पाहिले तर त्यांवरील नावे बोलकी आहेत.

बुंदीच्या हाडा घराण्याशी जोडला जाणारा संच १५९१ मध्ये बनारसजवळच्या चुनार येथे पूर्ण झाला. त्यावरील फारसी लेखात शेख हसन (काहींच्या वाचनानुसार हुसेन), शेख अली आणि शेख हातिम अशी तीन चित्रकारांची नावे आहेत. आपण मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद यांचे शिष्य असल्याचे ते सांगतात. हे दोघे उस्ताद हुमायूनबरोबर इराणकडून आले होते आणि मुघल चित्रशाळेचा पाया त्यांनीच घातला. म्हणजे बुंदी-कोटा रागमालेचे मूळ मुघल कारखान्यात शिकलेल्या तीन मुसलमान कारागिरांच्या हातात आहे. त्यांच्या रचना पुढे सुमारे दोनशे वर्षे बुंदी व कोटा येथे पुन्हा पुन्हा काढल्या गेल्या.

मेवाडचा पहिला प्रसिद्ध संच १६०५ चा, चावंड येथला. चावंड ही महाराणा प्रतापाची शेवटची राजधानी. प्रताप १५९७ मध्ये वारला आणि त्याचा पुत्र अमरसिंह मुघलांशी झुंजत होता. तो झगडा १६१५ च्या तहापर्यंत चालला. या धामधुमीत, डोंगरांच्या आडोशाला, ज्या चित्रकाराने रागमाला पूर्ण केली त्याचे नाव पानावर ‘निसारदी’ असे आहे आणि ते नसीरुद्दीन असे वाचले जाते. मुघलांविरुद्ध लढणाऱ्या राणाच्या आश्रयाला मुसलमान चित्रकार होता. राज्याराज्यांतील वैर आणि धर्माधर्मांतील वैर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची साक्ष या एका नावात मिळते.

याच मेवाडात १६२८ मध्ये साहिबदीन याने उदयपूरला दुसरी रागमाला काढली. लाल, पिवळ्या व निळ्या रंगांच्या सपाट पट्ट्या, मोजक्या रेषा आणि ठसठशीत आकृती यांमुळे ती मेवाड शैलीचा आदर्श ठरली. साहिबदीनने पुढच्या वर्षी ‘गीतगोविंद’ आणि नंतर रामायणातील कांडे चितारली. त्याची १६४८ ची भागवत पुराणाची सचित्र पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. या कामात विषय एका धर्माचा आणि कारागीर दुसऱ्या धर्माचा, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नसावे. कसब हीच त्याची ओळख होती.

याचा अर्थ रागमाला मुसलमान चित्रकारांचीच, असा काढणे तितकेच चुकीचे ठरेल. मारवाडातील पाली येथील १६२३ ची रागमाला पंडित वीरजीची आहे आणि माळव्यातील १६८० ची माधोदासाची. रागमालेवर कोणा एका समाजाचा हक्क सांगता येत नाही, एवढेच या यादीतून सिद्ध होते.

एक पान इतक्या दूरवर आणि इतका काळ तसेच्या तसे कसे टिकले, याचे उत्तर चित्रकारांच्या कामाच्या पद्धतीत आहे. कागदाचे थर खळीने चिकटवून वसली तयार करीत आणि अकीकाच्या दगडाने ती घोटीत. जुन्या चित्रावर पारदर्शक पातळ कातडे ठेवून रेषा उतरवीत. हा चरबा. त्याच्या रेषांवर सुईने छिद्रे पाडून वरून कोळशाची पूड झटकली की नव्या वसलीवर ठिपक्यांचा आराखडा उमटे. मग हिंगूळ, पेवडी, नीळ, जंगाल असे रंग भरले जात आणि शेवटी खारीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक काम होई. हे चरबे बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जात. संस्कृत श्लोक विसरला गेला तरी चरबा राही. म्हणून कित्येकदा चित्र बरोबर आणि वरचा मजकूर अशुद्ध, असे आढळते.

परंपरा अशी घट्ट असली तरी आजूबाजूचे जीवन चित्रांत शिरतच असे. देशाख रागिणीचे उदाहरण घ्यावे. नावाने रागिणी असूनही तिच्या चित्रात स्त्री क्वचितच प्रधान असते. मल्ल कसरत करीत असतात. कोणी वजन उचलतो, तर कोणी उभ्या खांबावर चढून अंग पेलतो. महाराष्ट्रातील वाचकाला ते पाहून मल्लखांबाची आठवण व्हावी.

उत्तरकाळ

मुघलांनी दख्खन जिंकल्यावरही रागमाला थांबली नाही. आसफजाही काळात हैदराबादेत नवे संच तयार झाले. १७६० च्या सुमाराचा ३६ चित्रांचा एक पूर्ण हैदराबादी संच ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो रिचर्ड जॉन्सन या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या संग्रहातून तेथे गेला. जॉन्सन १७८४-८५ मध्ये हैदराबादेत रेसिडेंट होता. संगमरवरी गच्च्या, कारंजी, फुलांचे ताटवे आणि तलम ओढण्या घेतलेल्या रागिणी हे हैदराबादी कामाचे वैशिष्ट्य आहे. देवनागरी श्लोक असलेल्या उत्तर दख्खनी पानांपासून येथपर्यंतचा प्रवास दोन शतकांच्या आतबाहेरचा आहे.

एकोणिसाव्या शतकात ही परंपरा ओसरली. आश्रय देणारे दरबार दुबळे झाले, हे एक कारण. दुसरे कारण खुद्द संगीतात होते. राग आणि रागिणी यांचे कौटुंबिक नाते प्रत्यक्ष गायनाशी जुळेनासे झाले होते. पाटण्याच्या मुहंमद रजा यांनी १८१३ च्या ‘नगमाते आसफी’ या फारसी ग्रंथात जुन्या राग-रागिणी पद्धतीवर आक्षेप घेतला आणि स्वरसाम्याच्या आधारे नवी मांडणी सुचविली. बिलावलला शुद्ध सप्तक मानण्याचा विचारही त्यांच्याकडे आढळतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हाच तर्कशुद्ध मार्ग पुढे नेला. अनेक मुसलमान उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळविल्या, मराठीत ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ लिहिली आणि रागांची दहा थाटांत विभागणी केली. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास झालेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमागे त्यांचीच प्रेरणा होती. राजा नवाब अली यांनी भातखंडे यांची पद्धत ‘मआरिफुन्नगमात’ या ग्रंथाद्वारे उर्दूत नेली.

थाटपद्धतीने राग-रागिणींचे कुटुंब मोडले. तोडी, आसावरी आणि भैरवी या चित्रांतल्या तीन ‘स्त्रिया’ आता स्वतंत्र थाटांच्या नावांनी नांदू लागल्या. गायकाला त्यांचे रूप सांगावे लागेनासे झाले. अर्थात जुन्या ध्यानाचा धागा पूर्णपणे तुटला नाही. मेघ आणि पाऊस, भैरव आणि पहाट, हिंदोल आणि झोपाळा ही जोडी रसिकाच्या मनात आजही कायम आहे.

समारोप

रागमालेचे एक पान हाती घेतले तर त्यात किती हात मिसळले आहेत, हे वरील विवेचनावरून दिसून येते. कल्पनेचे बीज देवगिरीच्या शास्त्रात, श्लोक संस्कृतात, गीत दखनीत, शीर्षक फारसीत, चरबा मुघल कारखान्यात शिकलेल्या शेखाचा, आश्रय राजपूत राण्याचा किंवा आदिलशाही सुलतानाचा. यातला कोणताही एक धागा ओढून काढला तर पान उसवते. ‘राजपूत’, ‘मुघल’, ‘हिंदू’, ‘मुस्लिम’ ही नावे संग्रहालयाच्या कपाटांना सोयीची असतील, पण चित्रांना ती पुरत नाहीत.

या जाणिवेला व्यावहारिक बाजूही आहे. जुने संच फुटले असून एकाच संचाची पाने आज निरनिराळ्या शहरांत आणि देशांत विखुरली आहेत. ती पुन्हा जुळवायची तर चित्राबरोबर वरचा श्लोक, हाशियातील नोंद आणि पाठीमागचा फारसी शेरा वाचता आला पाहिजे. त्यासाठी संस्कृत, ब्रज, दखनी आणि फारसी यांची निदान तोंडओळख एकाच अभ्यासकाकडे असावी लागते. विजापूर, बेळगाव, हैदराबाद, बडोदे, ग्वाल्हेर या ठिकाणी मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा घरात वा शेजारी ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही वाट इतरांहून जवळची आहे. देवनागरी त्याला येते, फारसी लिपीही येऊ शकते आणि दखनीचा कान तर त्याला जन्मतःच मिळालेला आहे. हरणांना वीणा ऐकविणारी तोडी कोणाची, या प्रश्नाचा निकाल लावण्यापेक्षा तिच्या माथ्यावरची ओळ नीट वाचणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते काम अद्याप पुष्कळ बाकी आहे.